आईल वाढणारं इंजन

आमच्या विहिरीवरच्या इंजनचं आईल त्या वर्षी मार्गशीर्षात वाढायला लागलं. दिवाळीला जुनं आईल काढून नवं ओतलं होतं. इंजनच्या पोटात लोखंडी पट्टी बुडवून आईल किती आहे ते बघतात. पट्टीवर दोन रेघा असतात, आईल त्यांच्या मधे असावं. दर वर्षी महिना-दीड महिन्यात ते खालच्या रेघेला टेकायचं आणि थोरले दीर वरून भर घालायचे. त्या वर्षी त्यांनी पट्टी पुसून बुडवली, बाहेर काढली आणि उन्हात धरली, तर आईल वरच्या रेघेच्या वर बोटभर चढलेलं. आठ दिवसांनी आणखी थोडं वर.

आमचं गाव वालूर आणि जिंतूरच्या मधलं. गावात वीज होती, पण शेताकडं खांब आले नव्हते, म्हणून विहिरीवर डिझेलचं इंजन. चार एकर गहू त्याच्या जिवावर उभा होता. आमचे मालक येलदरीला धरणावर रोजंदारीला होते, जमेल तसे घरी यायचे. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि माझ्या मुलीला घेऊन मी. आमच्याकडं थोरल्या दिराला भाया म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोनं भायाशी बोलायचं नाही, समोर आले तर पदर पुढं ओढायचा. लग्न होऊन मला तेरा वर्षं झाली होती आणि तेरा वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मला ते जड गेलं असंही नाही. मी मुळात कमी बोलणारी. माहेरी पाव्हणे आले की मी कोठीच्या आड जाऊन बसायची. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण गुरुजींनी उभं केलं की येत असलेलं उत्तरही तोंडाबाहेर पडायचं नाही.

सासूबाई मार्गशीर्षातले गुरुवार करत. आईल वाढलं हे ऐकल्यावर त्यांनी हातातलं निवडणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "लक्ष्मी बसलीय इंजनात. मी गुरवार करायलेय ते उगं न्हाई."

"आत्या, मग म्हशीत बी बस म्हणावं की तिला," जाऊबाई म्हणाल्या. "दूध आटलंय."

"तुझ्या जिभंला हाड न्हाई."

पण भायांनाही ते पटल्यासारखं झालं होतं. त्याला कारण होतं. थंडीत सकाळी इंजन सुरू करायला दरवर्षी दोन माणसं लागत. हँडल जडशीळ व्हायचं, फिरता फिरायचं नाही. त्या वर्षी ऐन थंडीत भाया एका हातानं हँडल फिरवत होते. आईल संपत नाही आणि हँडल हलकं झालं, या दोन गोष्टी ते पारावर सांगत आणि लोक विहिरीवरच्या इंजनच्या खोलीत येऊन पट्टी बघून जात. सासूबाई दर गुरुवारी इंजनला हळद-कुंकू लावू लागल्या. आईल फार चढलं की भाया तांब्याभर काढून घेत. ते टाकायचं कसं? लक्ष्मीचं देणं. सासूबाई ते वाटीवाटीनं गल्लीत वाटायच्या, गाडीच्या कण्याला वंगण म्हणून. "नुसतं लावू नका, आधी कपाळाला लावा," असं सांगून द्यायच्या. लोक कपाळाला लावून न्यायचे.

संक्रांत जवळ आली होती. आम्ही वालूरच्या बाजाराला निघालो, भाया गाडी हाकत, मागं जाऊबाई आणि मी, मधे वांग्यांची पोती. सकाळीच भायांनी दोन्ही चाकांना लक्ष्मीचं आईल भरलं होतं. निम्मी वाट झाली नाही तोच उजवं चाक कुईं कुईं करायला लागलं. मग डावंही.

"लक्ष्मी गाणं म्हणायलीय," जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या.

पुढून भाया म्हणाले, "चाक बसायचं हाय अजून. बसंल."

मी वाकून चाकाकडं बघितलं. कण्यापासून आऱ्यांवरून काळे ओघळ थेट लोखंडी धावेपर्यंत उतरले होते. आईल कण्यात राहिलंच नव्हतं, वाहून गेलं होतं. दरवर्षी आम्ही दिवाळीला काढलेलं जुनं आईल कण्याला लावतो. ते काळं असतं, घाण असतं, पण चाकाच्या तोंडाशी चिखलासारखं बसून राहतं आणि दोन-दोन बाजार निघतात. हे घरापासून ओढ्यापर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं. परत येताना भायांनी बाजारातून थोडं एरंडेल घेऊन कण्यात ओतलं, तेव्हा गाडी गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी देऊन झाल्यावर मी खोलीत गेले. पट्टी काढून आईल अंगठा आणि बोटाच्या मधे घेतलं. नवं आईल असं घेतलं की बोटं एकमेकांना लागत नाहीत, मधे काहीतरी गुबगुबीत असल्यासारखं लागतं. हे घेतलं आणि दाबलं, तर कातडी कातडीला लागली. मी थोडं आईल वाटीत काढून घेतलं.

मला हे कळायचं कारण माझं माहेर. माहेरी वडिलांचं गुऱ्हाळ होतं आणि काकवीचे डबे घरात असत. गुळाच्या आधीचा तो दाट गोड रस. थंडीत डबा आडवा केला तरी काकवी तोंडाशी येऊन थांबायची, आणि आई डबा चुलीजवळ ठेवायची की तीच काकवी धार धरायची. आम्ही बहिणी धुण्याच्या दगडावर थेंबांची शर्यत लावायचो. दगड उतरता होता. वर एका ओळीत पाण्याचा, दुधाचा, करडईच्या तेलाचा आणि काकवीचा थेंब ठेवायचा. पाणी पहिलं, दूध त्याच्या मागोमाग, तेल बरंच मागं, आणि काकवी आम्ही जेवून येईपर्यंत वाटेतच. मला तेव्हा एक गोष्ट फार नवलाची वाटायची. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं, तरी पळताना मागं पडतं. काकवी पाण्यात बुडते, म्हणजे जड, आणि तीही मागंच. म्हणजे जडपणाचा आणि पळण्याचा संबंध नाही. दाटपणा ही वेगळीच गोष्ट आहे. हे मी वडिलांना विचारणार होते, पण विचारलं नाही. शाळा सुटली आणि थेंबही सुटले.

खोलीतून मी घरी पळतच आले. इंजन नुकतंच बंद केलेलं, वाटीत आईल कोमट होतं. डब्याच्या तळाला नवं आईल थोडं उरलेलं होतं. परात भिंतीला तिरपी लावली, वर दोन थेंब ठेवले आणि जाऊबाईंना हाक मारली. इंजनमधला थेंब सरसर खाली गेला. डब्यातला अजून वरच होता.

"बघा बाई, हे आईल पातळ झालंय. असंच चाललं तर इंजन धरंल, आवळून जागीच बसंल."

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. "एवढं लांब तू वर्षात बोलली नव्हतीस," म्हणाल्या. पण थट्टा करून सोडून दिलं नाही. रात्रीचं वाढताना त्यांनी भायांच्या कानावर घातलं. मी दाराच्या आड होते.

"धाकटी म्हणती, आईल पातळ झालंय."

"कशावरून?"

"परातीत थेंब पळवला तिनं."

"गार व्हता का गरम?"

जाऊबाईंनी दाराकडं बघितलं. मी मान हलवली. "कोमट व्हता म्हणती."

भाया भाकरी मोडत म्हणाले, "तिला म्हणावं, तूप बी गरम झालं की पातळ व्हतंय. इंजन चाललं की आईल तापतंय. त्यात काय नवल."

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "आन लक्ष्मीला परातीत पळवायची बुद्धी झाली तरी कशी हिला."

मला लाज वाटली, पण सासूबाईंच्या बोलण्याची नाही. भायांचं बरोबर होतं, याची. आईची काकवी चुलीजवळ ठेवली की पळायची हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत, आणि मी गरम थेंब गार थेंबाबरोबर पळवला होता. शर्यतीत एकाला उतारावर आणि एकाला चढावर सोडल्यासारखं. भांडी घासता घासता मी त्यावर विचार केला. दोघांना सारखंच गार करायचं. मग भाया आणखी काय म्हणतील तेही मी त्यांच्या बाजूनं म्हणून बघितलं. म्हणतील, इंजनात वापरलेलं आईल नव्यापेक्षा पातळ होणारच. मग वापरलेलंच आईल पण चांगलं, असं तिसरं हवं. ते गोठ्यात होतं. दिवाळीला काढलेलं, वर्षभर इंजनात राहून काळं झालेलं, डब्यात झाकून ठेवलेलं.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी मी तीन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत नवं, एकीत गोठ्यातलं, एकीत इंजनमधलं. तिन्ही एकाच घमेल्यात पाणी घालून त्यात ठेवल्या, म्हणजे गारवा तिघींना सारखा लागेल. सकाळी थंडी चांगली होती. भाया ओट्यावर चहा घेत होते. मी परात अंगणात त्यांच्या समोरच्या दगडाला तिरपी लावली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि घमेलं आणून ठेवलं. बोलणं सगळं जाऊबाईंकडं होतं.

"आता तिन्ही सारखे गार हायेत," जाऊबाई म्हणाल्या. "हात लावून बघा."

भायांनी खरंच उतरून तिन्ही वाट्यांना बोट लावलं. मी तीन काड्या एकदम बुडवल्या आणि परातीच्या कडेला तीन थेंब ठेवले.

नवं आईल सुरुवातीला जागचं हललं नाही म्हटलं तरी चालेल. गोठ्यातलं हळूहळू निघालं, गोगलगाईसारखं. आणि इंजनमधलं सुटलं. ते परातीच्या तळाला जाऊन पसरलं तेव्हा गोठ्यातलं वीतभर आलं होतं आणि नवं चार बोटं.

"पुन्हा," भाया म्हणाले.

पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतः परात फिरवली, काय जाणो एका बाजूला उतार जास्त असेल. वाट्यांच्या जागा बदलल्या. काड्याही स्वतः धरल्या. तिसऱ्या वेळी इंजनमधलं त्यांच्या हातून परातीबाहेर ओघळून दगडावर गेलं. चहा तसाच गार झाला होता.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "सणासुदीला लक्ष्मीची परीक्षा घ्यायलात का?"

"आई, आईल वाढलं न्हाई," भाया म्हणाले. "त्यात काईतरी मिसळायलंय."

"कोण मिसळंल? खोलीला कुलूप हाय."

"पाणी न्हाई. पाणी असतं तर ताकासारखं पांढरं झालं असतं." त्यांनी बोट नाकाशी नेलं. "डिझेलचा वास हाय. पण त्या खोलीत समद्यालाच डिझेलचा वास."

"डिझेलचा डबा बी औंदा लवकर रिकामा व्हायलाय," जाऊबाई म्हणाल्या. "तुमीच म्हणला व्हता."

भाया उठले, सायकल काढली आणि जाताना खोलीची किल्ली कनवटीला लावून गेले. त्या दिवशी गव्हाला पाणी द्यायचं होतं. गहू पोटरीत आला होता, ओंब्या बाहेर पडायच्या बेतात. या दिवसांत पाणी चुकलं तर दाणा भरत नाही, पोकळ राहतो. हे काय लहान पोरालाही कळतं. आणि माझ्या तीन थेंबांसाठी इंजन बंद.

त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडं वातावरण तापलेलं होतं. एसटी कधी यायची, कधी नाही. भाया जिंतूरला सायकलवर गेले आणि इंजन दुरुस्त करणारा मिस्त्री गावाला गेलाय, परवा येईल, असा निरोप घेऊन संध्याकाळी आले. म्हणजे दोन दिवस. संक्रांतीला बायका वाण घेऊन आल्या, तीळगूळ दिला, आणि एकीनं विचारलं, "आईल न्हाई का औंदा वाणाला?" सासूबाईंनी तिच्या वाटीत तीळगूळ आपटला.

दोन दिवस मी सकाळ-दुपार शेतात जाऊन येत होते. पहिल्या दिवशी गहू तसाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पात्या गुंडाळायला लागल्या, वरची टोकं सुईसारखी. माती पायाखाली फुटत होती. इंजनमधे काही निघालं नाही तर काय, हाच विचार. मग ते दोन दिवसांचं पाणी माझ्या माथी. सासूबाई तोंडावर बोलल्या, आडून नाही बोलल्या. "गहू वाळला तर तुझ्या परातीतच मळून खाऊ."

जाऊबाई म्हणाल्या, "परात तरी राहील, आत्या. इंजन धरलं असतं तर परात बी विकावी लागली असती." त्या माझ्या बाजूनं बोलल्या हे मी अजून विसरलेले नाही.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. म्हातारा माणूस, सायकलला हत्यारांची पेटी बांधलेली. आम्ही बायका खोलीच्या बाहेर कडुनिंबाखाली. त्यानं इंजनच्या खालचा बोल्ट काढला आणि आईल घमेल्यात सोडलं. ते धारेनं पडलं, पाण्यासारखा आवाज करत. त्यानं पान्हा त्यात बुडवून वर धरला. एका क्षणात पान्हा कोरडा.

"ये आईल हाय क्या मियाँ? इसमें आधा तो डिझेल हाय," तो म्हणाला. "बंद करने कू कौन बोला?"

"घरातून सांगितलं," भाया म्हणाले.

मिस्त्रीनं डिझेलचा पंप उघडला. आतला एक तुकडा झिजला होता. त्याच्या कडेनं डिझेल थेंबथेंब पाझरून इंजनच्या पोटात उतरत होतं, गेले दोन महिने. म्हणून आईल वाढत होतं. म्हणून हँडल हलकं झालं होतं, कारण थंडीत आईल घट्ट व्हायचं ते डिझेलमुळं घट्ट होईना. सासूबाईंनी ज्याला कुंकू लावलं होतं ते पंपाचं गळणं होतं.

मग त्यानं बाजूचं झाकण काढलं आणि फिरणारा दांडा ज्यात बसतो ते बेअरिंग बाहेर काढून भायांच्या हातावर ठेवलं. "हाथ फिराव." भायांनी बोट फिरवलं. बारीक ओरखडे होते, केसाएवढे. दिसत होते, पण नखाला अडकत नव्हते, म्हणजे अजून खोल गेले नव्हते.

"और दो पाळी चलाते तो शाफ्ट जाता," मिस्त्री म्हणाला. "शाफ्ट गया तो फिर इंजन भंगार में." त्यानं दोन तळवे एकमेकांवर ठेवून दाखवले. "लोहा लोहे कू नै लगना. बीच में आईल रहना. पतला हुआ तो दब के निकल जाता, रहताच नै." मला माझा अंगठा आणि बोट आठवलं.

"पर पकडा किसने?" त्यानं पुन्हा विचारलं. "चलता इंजन, कोई आवाज नै, धुआँ नै."

भाया गप्प राहिले असते तर मला वाईट वाटलं नसतं. पण ते म्हणाले, "आमच्या धाकट्या सूनबाईनं. परातीत थेंब पळवून."

मिस्त्रीला ते कळेना. तेव्हा जाऊबाई घरी जाऊन परात घेऊन आल्या, वाट्या घेऊन आल्या, आणि भायांनी विहिरीच्या काठावर सगळं पुन्हा करून दाखवलं, तिन्ही गार का केले तेही सांगितलं, जणू त्यांनीच शोधलं होतं. मला हसू आवरेना, पदर तोंडावर होता म्हणून बरं. मिस्त्री उकिडवा बसून बघत राहिला. थेंब तळाला गेला तेव्हा त्यानं आपली टोपी सरळ केली.

"चालीस बरस हुए इस काम में," म्हणाला. "हमारे उस्ताद कू बी ये नै सूझा था."

नव्या आईलच्या डब्यावर चाळीस असा आकडा होता. मी तो पूर्वीही वाचला होता आणि मला वाटायचं, कारखान्याचा नंबर असेल. मिस्त्रीनं भायांना सांगितलं, तो दाटपणाचा आकडा. आकडा मोठा तितकं आईल दाट. फार दाटही चालत नाही, बारीक फटीत शिरत नाही. पातळ चालत नाही, थांबत नाही. इंजनला त्याचं त्याचं ठरलेलं लागतं.

दाटपणा मुळात कशामुळं, हे मला पुष्कळ वर्षांनी मुलीनं सांगितलं. ती परभणीला कॉलेजात शास्त्र शिकली. तिनं सांगितलं की सगळे द्रव न दिसणाऱ्या कणांचे असतात आणि कण एकमेकांना धरून असतात. वाहायचं म्हणजे एकानं दुसऱ्याला सोडून पुढं सरकायचं. पकड सैल असेल तर पाण्यासारखं सटकन, घट्ट असेल तर काकवीसारखं, कारण साखरेचे कण पाण्याला फार चिकटून धरतात. आईलचे कण लांब असतात, एकमेकांत गुंततात. डिझेलचे आखूड. तापवलं की कण जोरात हलायला लागतात आणि पकड सुटते. मी म्हटलं, म्हणजे शेवयांसारखं. लांब शेवया शिजवून पातेलं कलंडलं तर गोळाच्या गोळा अडून बसतो, तुकडे केलेल्या शेवया भसकन ताटात पडतात. आणि लांब शेवयांत तुकडे मिसळले तर गोळाही सुटतो. ती म्हणाली, आई, आमच्या सरांनी हे एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

पण त्या दिवशी मला एवढं काही माहीत नव्हतं. मिस्त्रीनं आपल्या पेटीतला नवा तुकडा पंपात बसवला, बेअरिंग घासून साफ करून लावलं आणि बोल्ट आवळला. भायांनी जिंतूरहून येताना आणलेला नव्या आईलचा डबा उघडला. ओततानाच दिसत होतं, धार जाड, गुंडाळी घालत पडणारी. मिस्त्री हत्यारं पुसत होता. भाया ओतता ओतता थांबले, मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "बास का अजून?"

मी आजूबाजूला बघितलं. जाऊबाई दुसरीकडंच बघत होत्या, मुद्दाम. माझ्याशिवाय तिथं त्या प्रश्नाचं उत्तर देणारं कुणी नव्हतं.

मी पुढं गेले, पट्टी काढली, फडक्यानं पुसली, बुडवली आणि वर काढली. "अजून थोडं," मी म्हटलं. "रेघंला टेकलं न्हाई."

त्यांनी ओतलं. मी पुन्हा बघितलं. "आता बास."

हँडल मारायला दोन माणसं लागली. भाया आणि मिस्त्री दोघं घामाघूम झाले. भाया म्हणाले, "जड हाय." आणि ते म्हणताना हसत होते. तिसऱ्या फेऱ्याला इंजन सुरू झालं, धुराचा एक गोळा सोडला आणि मग एका लयीत लागलं. पाइपातून पाणी हौदात पडलं.

मी फावडं घेऊन पाटाच्या बाजूनं पळत सुटले. दारं धरायला मीच होते, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी भरलं की मातीचा बांध फोडून दुसऱ्यात सोडायचं. पाणी पाटात माझ्यापेक्षा थोडं मागं होतं. कोरड्या मातीवरून येताना त्याचं तोंड मळकट फेसाचं, पालापाचोळा ढकलत. पहिल्या वाफ्यात शिरलं आणि मातीनं ते पिताना चुरचुर असा आवाज केला. गव्हाच्या गुंडाळलेल्या पात्या त्याच संध्याकाळी उलगडल्या असं मी म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडलेल्या होत्या, आणि पंधरा दिवसांत ओंब्यांनी शेत भरलं.

सासूबाईंनी पुढं गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं की कण्यातलं आमचं आईल पुसून टाका. एका घरी त्यांना विचारलं, "मावशी, कपाळावरचं बी पुसायचं का?" घरी येऊन त्यांनी ते आम्हाला सांगितलं आणि स्वतःच हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या गुरुवार करत राहिल्या. इंजनलाही कुंकू लावत राहिल्या. फक्त कुंकू लावायच्या आधी मला हाक मारून विचारायच्या, "बघितलंस का गं आज?" गावात सात इंजनं होती. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातल्या पाच जणांनी कधी ना कधी वाटीत आईल आणून आमच्या ओट्यावर ठेवलं आणि परात लावायला सांगितली. त्यात एकाचं खरंच पातळ निघालं. वेळेवर कळलं.

पण पाण्याच्या त्या दिवसाचं सांगत होते. शेवटचा वाफा विहिरीपासून सगळ्यात लांब, ओढ्याच्या अंगाला. तिथं उभं राहिलं की इंजनची खोली हातभर दिसते. दिवस कलला तेव्हा पाणी त्या वाफ्याच्या तोंडाशी आलं. खोलीच्या दारात भाया उभे होते. दरवेळी ते लांबून जाऊबाईंना ओरडून विचारत आणि जाऊबाई मला विचारत. जाऊबाई बांधावर बसल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं असतं.

भाया मला ओरडून म्हणाले, "पोचलं का?"

मी फावडं रोवलं, पाणी शेवटच्या वाफ्यात शिरताना बघितलं, आणि चार एकर ओलांडून ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "पोचलं. अजून घडीभर चालू द्या."